‘येतो’ म्हणजे सुरू

“मी खोटं बोलत असंन तर माझी जीभ झडंल, मॅडम. पण तुमचं मशीन खोटं बोलतंय, त्याचं काय झडायचं?”

शालन भोरेने हातातली नोटीस काउंटरवर आपटली. रेणुका आवटीच्या मस्तकात तिडीक गेली. मशीन खोटं बोलतं म्हणे! मिरजेच्या या गृहशुश्रूषा केंद्राची ‘ओळवही’, म्हणजे संगणकावरची कामाची नोंदवही, चार वर्षांपूर्वी रेणुकाने स्वतः लिहिली होती. जिल्ह्यातल्या साडेसहाशे सेविकांचा दिवस त्या वहीवर चालायचा, आणि आजवर तिच्यावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती.

“शालनताई, बसा आधी,” ती कोरडेपणाने म्हणाली. “आणि आवाज खाली.”

“बसायला नाही आलो मी.” शालन बावन्न वर्षांची, काटक, खांद्यावरचा सेविकेचा बिल्ला काल काढून घेतलेला, साडीवर टाचणीची दोन भोकं तेवढी राहिली होती. “लायसन काढून घ्या. घरी बसून भाकऱ्या थापीन. पण त्या घरातली लोकं म्हणतायत, अण्णा फरशीवर पडले आणि शालन बाजूला बसून बघत राहिली. तीन वर्षं त्या माणसाला उठवलं-बसवलं, मॅडम. मातीला गेलो तर त्यांच्या लेकीनं, पद्मजाताईंनी, दारातनं हाकललं मला. सगळ्या गल्लीसमोर. तेवढं पुसून द्या. बाकी मला काही नको.”

प्रकरण असं होतं. अण्णासाहेब चौगुले, वय एक्याऐंशी, निवृत्त चित्रकला शिक्षक, एकटे राहणारे. मागच्या शुक्रवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी ते न्हाणीघराच्या दारात पडले. रात्री नऊ वाजता त्यांना उचललं आणि शनिवारी दवाखान्यात ते गेले. ओळवहीप्रमाणे तो सगळा वेळ शालन भोरे त्यांच्या घरात हजर होती. गुरुवारी चौकशी समितीसमोर तिची सुनावणी होती, आणि निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“मी एक वाजून पाच-सहा मिनिटांनी निघालो,” शालन म्हणाली. “अण्णांना जेवू घातलं, गोळ्या दिल्या, खुर्चीत बसवलं आणि निघालो.”

“मग वहीत तसं का नाही?”

“ते तुम्ही सांगा की! वही तुमची का माझी?”

रेणुकाने तोंड घट्ट मिटलं आणि फाइल उघडली. दोन मिनिटांत हिचं खोटं हिच्याच पदरात टाकते, असंच तिच्या मनात होतं.

ओळवही म्हणजे साधा मजकूर. ना चित्रं, ना बटणं, ना रंगीत चौकटी. एका कामाला एक ओळ. दोन हजार बेचाळीस सालच्या लोकांना हे जुनाट वाटायचं. पण असला मजकूर कुठल्याही यंत्रावर उघडतो, कुणालाही वाचता येतो आणि त्यात काही दडवता येत नाही, याचा रेणुकाला अभिमान होता. सेविकांच्या संघटनेने कोर्टात भांडून एक हक्क मिळवला होता: बाई कुठे आहे याचा माग उपग्रहाने काढायचा नाही. त्यामुळे वेळ मोजायचा तो बोलण्यावरून. खांद्यावरच्या बिल्ल्यात एक छोटीशी चकती. ती रुग्णाचं नाव आणि येण्याजाण्याचा शब्द तेवढा टिपायची, वेळेसकट मजकुरात उतरवायची आणि बाकीचा आवाज टाकून द्यायची. ‘आलो मावशी’ म्हटलं की मावशीच्या नावापुढे घड्याळ सुरू. ‘निघालो मावशी’ म्हटलं की बंद.

शुक्रवारच्या शेवटच्या तीन ओळी अशा होत्या:

११:४१ चौगुले अण्णासाहेब: सुरू
१३:०६ चौगुले अण्णासाहेब: सुरू (शब्द पुन्हा आला, दुर्लक्ष केले)
२१:०० चौगुले अण्णासाहेब: बंद (आपोआप)

“हे बघा. तुम्ही बंद केलंच नाही. एक वाजून सहाला उलट पुन्हा सुरू म्हणालात.”

“मी कशाला पुन्हा सुरू म्हणू? दारात चप्पल घालत होतो मी!”

रेणुकाने ती ओळ पुन्हा वाचली. एक वाजून सहा मिनिटं. ही बाई फाइल बघायच्या आधीच तीच वेळ सांगून बसली होती. खोटं बोलणारा माणूस इतकं नेमकं कशाला सांगेल?

“चप्पल घालताना काय म्हणालात?”

“काय म्हणणार? जे म्हणायचं तेच.”

“शब्द सांगा, शालनताई. जसाच्या तसा.”

“म्हटलं, येतो अण्णा.”

रेणुकाचा हात कळफलकावरच राहिला.

“‘निघालो’ का नाही म्हटलं? निदान ‘जातो’?”

“जातो?” शालनचा आवाज चढला. “आजारी म्हाताऱ्या माणसाच्या उंबऱ्यावर उभं राहून ‘जातो’ म्हणू? अभद्र कुठलं! तुम्ही म्हणता का तुमच्या घरात?”

नव्हती म्हणत. आज सकाळीच डबा पिशवीत टाकताना ती सासऱ्यांना म्हणाली होती, “येते हं, बाबा.” रोज म्हणायची. मराठी माणूस जन्मभर ‘येतो’ म्हणत दाराबाहेर पडतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

तिने नियमांची फाइल उघडली. स्वतःचीच. सातवी ओळ: *आलो, आले, येतो, येते = सुरू.*

त्या ओळीवरून तिने तेव्हा केवढं रण माजवलं होतं! पुण्याच्या सॉफ्टवेअर स्टुडिओतली पोरं म्हणत होती, सेविका बायका आहेत, तेव्हा ‘आले, येते’ एवढंच घ्या. रेणुका टेबलावर हात आपटून म्हणाली होती, आमच्या मुलखात बायका ‘आलो, येतो’ म्हणतात, ते शब्द घ्यायलाच पाहिजेत. तिने भांडून घेतले होते. पंधरा दिवस तो वाद चालला, आणि त्या खोलीत बसलेल्या सगळ्या मराठी माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ‘येतो’ म्हणून आपण निघतो. संध्याकाळी वाद संपला की सगळे एकमेकांना “चला, येतो” म्हणत घरी जात होते! हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

“पण चार वर्षं नीट चाललं,” ती पुटपुटली. “मग आत्ताच का?”

दुरुस्तीच्या कामात सगळ्यात वाईट प्रश्न हाच असतो. ती तासभर मागच्या फायली चाळत राहिली. उत्तर सोपं निघालं, आणि सोपं म्हणूनच संताप आणणारं. एका बाईचं एका वेळी एकच काम चालू, असा नियम होता. त्यामुळे पुढच्या घरात ‘आलो’ म्हटलं की मागच्या घराचं घड्याळ आपोआप मिटायचं. मधली पंधरा-वीस मिनिटं चुकीची मोजली जायची, पण त्याची ओरड कुणी केली नाही. शेवटच्या घराचं काय? तर शेवटच्या घरानंतर सेविका केंद्रात येऊन बिल्ला जमा करायची. तो खिडकीत टेकवला की सगळं बंद. महिन्यापूर्वी ती खिडकी वरच्या हुकमाने बंद झाली. खिडकीवरच्या एका माणसाचा पगार वाचवायचा होता. बिल्ला घरी घेऊन जा, असा आदेश निघाला. आणि त्या दिवसापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक शेवटच्या घराचं घड्याळ रात्री नऊपर्यंत उघडं राहू लागलं.

एवढ्यानेही कुणी मेलं नसतं. मारलं ते दुसऱ्या एका नियमाने. प्रत्येक घरात छताला बशीएवढा पडसूचक असतो. त्यात कॅमेरा नाही. तो रेडिओलहरी सोडतो आणि त्या आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून माणूस उभा आहे, बसलाय की जमिनीवर आडवा आहे, एवढं ओळखतो. पूर्वी सेविका रुग्णाला सतरंजीवर निजवून व्यायाम द्यायला लागली की तो बोंबलायचा. म्हणून ठरलं: घड्याळ सुरू म्हणजे बाई घरात, आणि बाई घरात म्हणजे पडसूचकाने गप्प बसायचं.

अण्णा पडले ते पडसूचकाला एक पन्नासला कळलं होतं. तशी ओळ फाइलमध्ये होती. तिच्यापुढे लिहिलं होतं: *सेविका हजर, कळवले नाही.* रात्री नऊला घड्याळ आपोआप मिटलं तेव्हाच तो वाजला. सात तास दहा मिनिटं.

समोर शालन बाकावर बसली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

तरी एकीवरून सगळ्यांचं ठरवू नये, म्हणून रेणुकाने कच्ची फाइल काढली. बिल्ल्याने ऐकलेले शब्द तिच्यात जसेच्या तसे पडून असतात. चार वर्षांत ती कुणी उघडलीही नव्हती. नऊ लाखांवर भेटी. निघताना ‘निघालो’ म्हणणाऱ्या थोड्या. ‘येतो’ आणि ‘येते’ यांची नुसती रांग. ‘जातो, जाते’ सगळे मिळून एकोणीस, आणि तेही बहुतेक कुणाशी तरी कडाक्याचं भांडण झाल्यावरचे.

पण चार हजारांवर भेटी अशा होत्या की शेवटी शब्दच नव्हता. आल्याची नोंद होती, निघताना बाई अवाक्षर बोललेली नव्हती. आणि ओळवहीने तिथे शेरा मारला होता: *समाप्तीची नोंद नाही. दक्षतेचा एक गुण वजा.* रेणुकाने त्यातली दहा नावं पुढच्या दिवसांच्या यादीत शोधली. एकही सापडलं नाही. आणखी दहा शोधली. तीही नाहीत. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी त्या घरात माणूस गेला होता. मयताच्या घरातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. उठायचं आणि न बोलता चालू लागायचं. त्या बायकांनी ज्याला महिनोन् महिने अंघोळ घातली त्याचे डोळे मिटले, रीत पाळून त्या मुकाट्याने बाहेर पडल्या, आणि आपल्या या दीडशहाण्या वहीने त्यांचा एकेक गुण कापला!

“अगं बाई,” ती मोठ्याने म्हणाली, “काय लिहून ठेवलंय मी हे!”

केंद्रप्रमुख देशिंगकर साहेबांच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली. साहेब गोड बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा मान हलवली, आणि म्हणाले, “छान शोधलंत, आवटी मॅडम. गुरुवारनंतर दुरुस्त करू.”

“गुरुवारनंतर? आज मंगळवार आहे, साहेब.”

“गुरुवारी सुनावणी आहे ना. त्याच्या आधी नियम बदलला तर आपणच चूक कबूल केल्यासारखं होईल.”

“मग कबूल करा! चूक आहेच आपली!”

“आपली कशी? वेळ नोंदवायची जबाबदारी सेविकेची. प्रशिक्षणात ‘निघाले’ शिकवलं होतं. त्या आपल्या सवयीने काहीही बोलतात.” त्यांनी रेणुकासमोर दुरुस्तीचा फॉर्म सरकवला. कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते: ‘यंत्रातील बिघाड’ आणि ‘वापरकर्त्याची चूक’. “इथे दुसऱ्यावर खूण करा. सोबत एक परिपत्रक काढू, की यापुढे घर सोडताना ‘जाते’ असंच म्हणावं.”

“पलंगावर पडलेल्या म्हातारीला रोज ‘जाते’ म्हणून यायचं? तुमच्या आईसमोर चालेल?”

“आईचा इथे काय संबंध?”

“सगळा संबंध तिथेच आहे, साहेब. आत्ता या घटकेला जिल्ह्यात किती घड्याळं उघडी पडली असतील? तेवढ्या घरांत पडसूचक मुके आहेत.”

“महिनाभर काही झालं नाही, दोन दिवसांत काय होणारे?”

“अण्णा चौगुले गेले नाहीत?” रेणुका ओरडलीच. बाहेरची टाइपिंगची खटखट थांबली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि फाइल काखेत मारली. “तुम्ही आत्ता चिडलेल्या आहात. उद्या शांतपणे बोलू. मला जिल्हा कार्यालयात पोचायचंय. बरं, येतो मी.”

आणि ते गेले! आपण काय म्हणालो याचा त्यांना पत्ताही नव्हता. रेणुका त्या मिटलेल्या दाराकडे बघत राहिली. हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान भांडायला मजा आली असती.

ती जागेवर आली. दुपारचे दोन चाळीस. सकाळपाळीच्या सेविका घरी जाऊन जेवल्याही असतील. उघडी घड्याळं तिने मोजली: त्रेसष्ट. त्रेसष्ट घरांत म्हातारी, लुळी, एकटी माणसं, आणि वहीच्या लेखी प्रत्येकाच्या उशाशी एकेक बाई बसलेली.

दुरुस्ती एका ओळीची होती. *घर आधीच सुरू असेल, तर ‘येतो, येते’ म्हणजे बंद.* दोन चाचण्या, मग आजच्या सकाळचे कच्चे शब्द नव्या नियमातून पुन्हा फिरवायचे. नोकरी जाईल, हे तिला दिसत होतं. मुलाची शेवटच्या वर्षाची फी, सासऱ्यांची औषधं, सगळं दिसत होतं. तिने कारणाच्या रकान्यातले दोन्ही पर्याय खोडले आणि खाली लिहिलं: *सातवी ओळ मी लिहिली. चूक माझी. रेणुका आवटी.* मग नियम चालू केला.

घड्याळं पटापट मिटत गेली. त्रेसष्ट, चाळीस, अकरा, शून्य. आणि भिंतीवरची घंटा वाजली. महिनाभर दुपारी ती कुणी ऐकली नव्हती.

पहिली सूचना वखारभागातली: *माणूस जमिनीवर, चाळीस मिनिटं.* रेणुकाने फोन लावला. पलीकडून एक म्हातारा कडाडला, “कोण रे मेल्या? चटईवर जरा डोळा लागला होता माणसाचा!”

दुसरी सूचना किल्ला भागातली: *मगदूम गोदावरी. जमिनीवर, एक तास दहा मिनिटं. हालचाल नाही.* फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

“मगदूम काकू?” शालन बाकावरून उठलीच. “आधी माझ्याकडंच होतं ते घर. किल्ली शेजारी कोरेंकडं असते.”

“शालनताई, तुमच्याकडे बिल्ला नाही. परवानगी नाही तुम्हाला कुठल्या घरात...”

“खड्ड्यात गेली परवानगी!” शालन तोवर पायऱ्या उतरत होती. खाली तिची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. रेणुकाने रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला आणि फोन हातात धरून उभी राहिली. बसवेना. तिने आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता, आत्ता बोलली.

सतरा मिनिटांनी फोन आला.

“जित्या हैत,” शालन धापा टाकत म्हणाली. “मांडी मोडलीय. मोरीकडं जाताना पडल्या. पाणी मागतायत. मॅडम, त्या म्हणतायत, मी हाका मारत होते, कुणाला कशा ऐकू गेल्या नाहीत?”

रेणुकाने टेबलावर डोकं टेकलं आणि रडली. लाज, राग, सुटका, सगळं एकदम होतं ते. मग तोंड पुसून तिने तिन्ही फायली, वही, नियम आणि कच्चे शब्द, चौकशी समितीला, संघटनेला आणि पद्मजा चौगुलेला पाठवून दिल्या. साध्या मजकुराचं एक बरं असतं. तो कुणालाही वाचता येतो. अर्ध्या तासाने देशिंगकर साहेबांचा फोन आला. “कुणाला विचारून केलंत हे?” ते विचारत होते. “कुणालाच नाही,” ती म्हणाली, आणि टेबलाच्या किल्ल्या शिपायाकडे देऊन निघाली.

संध्याकाळी पाचला ती शालनला घेऊन चौगुल्यांच्या दारात उभी राहिली. फाइल पाठवून मोकळं होता येणार नव्हतं.

पद्मजाने दार उघडलं. चाळिशीची, डोळे सुजलेले. शालनला बघताच तिचा चेहरा दगडी झाला. “तुम्ही परत...”

“त्यांना नका बोलू,” रेणुका म्हणाली. “मला बोला. मी रेणुका आवटी. तुमचे वडील पडले तेव्हा शालनताई इथे नव्हत्या. त्या एक वाजून सहा मिनिटांनी ‘येतो अण्णा’ म्हणून निघाल्या होत्या. ‘येतो’ म्हणजे आल्या, असा नियम मी लिहिला होता. म्हणून वहीत त्या इथेच राहिल्या. म्हणून पडसूचक वाजला नाही.”

पद्मजाला ते कळायला वेळ लागला. तिने ‘येतो’ हा शब्द ओठांतल्या ओठांत एकदा उच्चारला.

“सात तास,” ती म्हणाली. “मला सांगितलं, बाई तिथे बसून होती. मी रोज हाच विचार करतेय, की अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं असेल, हात पुढे केला असेल...”

“कुणी नव्हतं. ते एकटे होते. सुनावणीत मी हेच सांगणारे, आणि तुम्ही माझ्यावर केस केलीत तरी हेच सांगेन.”

पद्मजा बाजूला सरकली आणि शालनचा हात धरायला पुढे झाली. “शालनताई, माझं चुकलं. आत या. अण्णांच्या फोटोला तरी...”

शालनने हात मागे घेतला. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. तिने आतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, पद्मजाकडे पाहिलं आणि मग रेणुकाकडे.

“आता फोटोला काय बघू?” ती म्हणाली. “तुमच्या वहीनं मला सात तास त्यांच्या उशाशी बसवलं. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला त्यांच्या मातीला पाच मिनिटं उभं राहू दिलं नाही.”